न येणाऱ्यांची यादी

जोगेश्वरी पूर्वेला आमची वस्ती टेकडीवर आहे. खाली रस्त्याला लागून महापालिकेची शाळा, तिथून वर येणाऱ्या दीडशेच्या वर पायऱ्या, आणि पायऱ्यांच्या दोन्ही अंगांनी घरं. या पायऱ्यांवर इंगोलेबाईंइतक्या खेपा कोणी घातल्या असतील असं मला वाटत नाही.

कमल कुंडलिक इंगोले. वाशीमकडच्या. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन इथे आल्या. नवरा मरोळच्या औद्योगिक वसाहतीत टर्नर. बाईंनी टेकडीवर अंगणवाडी चालवली ती थेट निवृत्तीपर्यंत. मी त्यांच्याच अंगणवाडीतली, उसळ खायला रडणारी. सगळी टेकडी त्यांना 'बाई'च म्हणते. त्यांच्या वयाचे म्हातारेसुद्धा.

अंगणवाडीबरोबर सरकारने त्यांच्या गळ्यात मतदार यादीचं काम घातलं होतं. सोळा वर्षं त्या आमच्या भागाच्या बीएलओ. कोण नवीन राहायला आलं, कोण वारलं, कुणाची सून आली, कुणाची मुलगी सासरी गेली, सगळं त्यांनी दारात उभं राहून लिहून घेतलेलं. निवडणूक आली की घरोघर चिठ्ठ्या वाटायच्या आणि मतदानाच्या दिवशी शाळेच्या दारात टेबल टाकून बसायचं. कोणी नाव शोधत गोंधळला की बाई यादीकडे न बघता सांगायच्या, "पान बारा, खालून तिसरं."

निवृत्त झाल्यावर यादी दुसऱ्या बाईंकडे गेली. डोक्यातली मात्र राहिली.

मुदत संपून चार वर्षं रखडलेली महापालिकेची निवडणूक शेवटी जानेवारीत लागली आणि डिसेंबरातल्या एका रविवारी टेकडीवर एक नवाच पक्ष चढून आला. नवनागरिक पक्ष, निशाणी किटली. कोणी नावही ऐकलेलं नव्हतं. उमेदवार अनुपमा, मरोळला फिजिओथेरपीचा दवाखाना चालवणारी, चौतीस-पस्तीसची. मराठी बोलायची, पण मध्येच शब्द अडकला की हिंदीत शिरायची. तिच्याबरोबर पक्षाचे चंद्रप्रकाश, मुलुंडचे निवृत्त इंजिनिअर, गळ्यात मफलर आणि हातात पत्रकांचा गठ्ठा.

पाण्याच्या टाकीजवळ त्यांनी सभा घेतली. माणसं सहा. त्यात मी, कारण माझे कपडे तिथेच वाळत होते. चंद्रप्रकाशजी पारदर्शक कारभारावर वीस मिनिटं बोलले. तेवढ्यात कुणाच्या तरी शेळीने बाकावर ठेवलेली पाचसहा पत्रकं खाऊन टाकली.

"चला, एकीला तरी पटलं," बाई म्हणाल्या.

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने अनुपमा हसली. मला वाटतं, बाईंना ती तिथेच आवडली. त्यांनी तिला चहाला घरी बोलावलं.

घरात कुंडलिककाका उठून आत गेले तेव्हा अनुपमा त्यांच्या पायाकडे बघत होती. "मांडीचं हाड मोडलं होतं का, काका?"

"आठ वर्षं झाली. पायरीवरून घसरलो पावसात. खुर्चीत बसवून सात जणांनी खाली नेलं."

"पायऱ्या उतरताना कोणता पाय आधी टाकता?"

काकांनी दाखवलं. ती म्हणाली, "उलटं करा. उतरताना दुखरा पाय आधी, चढताना चांगला पाय आधी." तिथेच उंबऱ्यावर तिने त्यांच्याकडून दहा वेळा करून घेतलं. मत वगैरे शब्द काढला नाही.

चंद्रप्रकाशजींनी काढला. "बाई, आपण या एरियातल्या इतक्या जुन्या. आम्हाला कसा प्रतिसाद मिळेल?"

"आत्ता कुठे कुठे फिरलात?"

"पहिल्या दोन गल्ल्या झाल्या."

"त्या दोन्ही गल्ल्या ठरलेल्या आहेत. एक यांची, एक त्यांची. तिथे वर्षभर फिरलात तरी तुमच्या किटलीत थेंब पडायचा नाही." बाईंनी कप खाली ठेवला. "आमच्या केंद्रावर अकराशे चाळीस नावं. मागच्या पालिकेला मत दिलं चारशे छत्तीस जणांनी. मेलेले, गावी गेलेले, लग्न होऊन गेलेल्या, सगळे वजा करा. तरी चारशेच्या आसपास माणसं जिवंत आहेत, इथेच राहतात आणि खाली येत नाहीत. त्यांच्याकडे कोणीच जात नाही. तुम्ही नवीन आहात ना? मग तुम्ही जा."

चंद्रप्रकाशजी पुढे सरकले. "त्यांची यादी मिळेल?"

"यादी मिळणार नाही. मी बरोबर येईन. पण माझी एक अट आहे. पहिल्या फेरीत मत मागायचं नाही. फक्त विचारायचं की तुम्ही मत का देत नाही. आणि सांगतील ते लिहून घ्यायचं, वाद न घालता."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "मानसी, वही घेऊन तू चल."

"मी कशाला, बाई?"

"तुझा फॉर्म मीच भरला होता, अठराची झालीस तेव्हा. अकरा वर्षांत एकदा तरी आलीस का खाली?"

आले नव्हते. मी मरोळला एका लॅबमध्ये कामाला. मतदानाची सुट्टी म्हणजे माझ्यासाठी केस धुण्याचा दिवस. बाईंच्या डोक्यातल्या यादीत मीही आहे, हे मला त्या दिवशी कळलं. वही घेऊन गेले.

पहिलं घर काशीराम परबांचं. वय अठ्ठ्याहत्तर, मूळचे मालवणकडचे, तरुणपणी गिरणीत होते. बाईंनी विचारलं तसे ते खाटेवर सरळ बसले.

"गिरण बंद पडली तेव्हा गेटार सगळे झेंडे होते. सगळे! गिरण गेली, झेंडे रवले. त्या दिवसापासून मी जावक नाय." मग अनुपमाकडे बघून म्हणाले, "तुमचो झेंडो खयचो?"

"आमचा अजून झेंडा नाही, आजोबा. फक्त किटली आहे."

"मगे चाय घाला," काशीरामबाबा म्हणाले. त्यांची सून रुक्मिणी चहा घेऊनच बाहेर येत होती.

नितेश घरोघर पार्सल पोचवतो, तिशीतला. त्याने गाडीचं हेल्मेटसुद्धा काढलं नाही. "बाई, खरं सांगू? सकाळी एकाला मत द्यायचं, संध्याकाळपर्यंत तो दुसऱ्या पक्षात. मी पार्सल एका पत्त्यावर देतो ना, ते तिथेच राहतं. माझं मत कुठे फिरतंय मलाच माहीत नाही. वाट लागलीय यार सगळ्यांची."

मी शब्द न् शब्द लिहून घेतला. लिहिताना हसू येत होतं, कारण माझं म्हणणंही तेच होतं, फक्त मला इतकं नीट सांगता आलं नसतं.

सोनूबाईंच्या घरी वेगळीच भानगड. त्या पासष्टीच्या, आवाज खणखणीत. मत का देत नाही म्हटल्यावर फणकारल्या, "कशी देणार? मी मेलेय!"

खरंच मेल्या होत्या. बाई निवृत्त झाल्यावर कुणीतरी यादीत वारलेल्या दुसऱ्या सोनूबाईऐवजी यांचं नाव उडवलं होतं. बाईंनी कपाळाला हात लावला. या निवडणुकीसाठी यादी कधीच पक्की झाली होती, आता काही होणार नव्हतं.

"म्हणजे यंदा मी मेलेलीच?"

"यंदा तरी."

"बरं," सोनूबाई म्हणाल्या, "मग मला कामाला लावा. मेलेल्या माणसाला कोण घाबरवणार?"

तीन आठवड्यांत आम्ही एकशे ऐंशी घरं केली. वही भरली. नगरसेवक दिसत नाही, पायऱ्यांना कठडा नाही, रजा मिळत नाही, गुडघे दुखतात, सगळे पक्ष सारखेच. एका काकूंनी सांगितलं, "मला आजवर कोणी विचारलंच नाही गं, ये म्हणून." ते वाक्य बाईंनी मला दोनदा वाचायला लावलं.

दुसऱ्या फेरीआधी पक्षाची बैठक बाईंच्या घरी झाली. चंद्रप्रकाशजींना वही वाचून उत्साह आला होता. "कठडा! सगळ्यांना कठडा पाहिजे. आपण पुढच्या आठवड्यात पक्षातर्फे बसवून टाकू. मी स्वतः डिझाइन करतो."

"आचारसंहिता लागली आहे," बाई म्हणाल्या. "सोळा वर्षं मी हेच काम केलंय. एक पाइप जरी रोवलात तर पहिली तक्रार मी करीन."

"मग निवडून आल्यावर बसवू असं वचन तरी..."

"ते वचन या पायऱ्यांना चार वेळा दिलं गेलंय. पाचव्यांदा नको."

अनुपमाने विचारलं, "मग मी काय सांगू?"

"जे तुझ्या हातात आहे तेवढंच सांग."

तिने वहीची पानं चाळली. मग म्हणाली, "हरले तरी महिन्यातून एक रविवार मी पायऱ्यांशी बसेन. गुडघे, कंबर, पाय दाखवायला या. पालिकेचा अर्ज लिहायचा असेल तर लिहू. बाकी, दोनशे सत्तावीस जागांत आमची एखादी आली तर आली. त्यात मी कठडा आणीनच असं खोटं कसं सांगू?"

"हे चालेल," बाई म्हणाल्या. "लोक विश्वास ठेवणार नाहीत, पण चालेल."

टाकीजवळच्या दुसऱ्या सभेला साठ-सत्तर माणसं होती. अनुपमाने तेवढंच सांगितलं. मागून नितेश ओरडला, "ते ठीक आहे मॅडम. पण बाई, तुम्ही पण यांच्यातल्या झालात का? तुम्ही तर सरकारी. तुमचा भरवसा होता."

बाई उठल्या. माइक घेतला नाही. अंगणवाडीत जशा बोलायच्या तशाच बोलल्या.

"मी यांची नाही. कुणाचीच नाही. एक गोष्ट सांगते, जी फक्त आमच्या घरात माहीत आहे. कठड्याचं वचन देणाऱ्याला मागच्या पालिकेला मी मत दिलं होतं. पुढच्या पावसात हे पडले. त्यानंतर लोकसभा-विधानसभेच्या चार निवडणुका झाल्या. चारही वेळा मी तुम्हाला चिठ्ठ्या वाटल्या, दिवसभर शाळेच्या दारात बसले, तुमची नावं शोधून दिली. आणि संध्याकाळी बोटाला शाई न लावता घरी आले. वीस पावलांवर मशीन होतं. गेले नाही."

काशीरामबाबांनी मान वर करून बघितलं.

"मला वाटायचं, मी कुणावर तरी राग काढतेय. आता या मानसीच्या वहीत वाचलं तेव्हा कळलं, कुणाला पत्ताच नव्हता माझ्या रागाचा. आपण चारशे जण घरात रागावून बसलोय आणि खाली त्यांना वाटतंय टेकडीवर कोणी राहतच नाही. यंदा मी जाणार आहे. कुणाला देणार ते सांगणार नाही. तुम्हीही सांगू नका. हिला द्या, त्याला द्या, 'वरीलपैकी कोणीही नाही' ते बटण दाबा. पण खाली या."

चंद्रप्रकाशजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. पक्षाच्या सभेत असं भाषण त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं असावं. अनुपमा मात्र टाळ्या वाजवत होती.

मतदान संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी होतं. सकाळी पाणी येऊन गेल्यावर सोनूबाई टेकडीच्या माथ्यावरून निघाल्या. डाव्या हातात तिळाच्या वड्यांचा डबा. प्रत्येक दारात वडी द्यायच्या आणि म्हणायच्या, "गोड बोल आणि खाली चल. मी मेलेली चालतेय, तुला काय धाड भरलीय?" नऊ वाजता त्यांच्यामागे चौदा माणसं होती. वडी देऊन झाली की त्या परत वर. दिवसभरात त्यांच्या पाच खेपा झाल्या.

काशीरामबाबांना खुर्चीतून न्यायची सगळ्यांची तयारी होती. ते ऐकेनात. "माका उचलूक मी काय गणपती?" शेवटी ते आणि कुंडलिककाका एकमेकांचा हात धरून निघाले. काका त्यांना शिकवत होते, "दुखरा आधी, काशीराम. दुखरा पाय आधी." एकेका पायरीवर थांबत दोघे चाळीस मिनिटांत खाली पोचले. वाटेत ज्यांची दारं उघडी होती त्यांना घरात बसवेना. तेही मागे लागले.

शाळेच्या बाहेर जुन्या पक्षांची टेबलं होती. तिथली पोरं हे बघून चक्रावली. इतकी वर्षं ती तीच तीच तोंडं बघत आलेली. एकाने दुसऱ्याला विचारलेलं मी स्वतः ऐकलं, "ए, ही पब्लिक कुठून आणली रे? आपल्या एरियातली आहे का?"

आत तर कमालच झाली. काशीरामबाबा टेबलाशी गेले तसा एका पक्षाचा प्रतिनिधी उभा राहिला. "साहेब, हरकत आहे. मी तीन निवडणुका इथे बसतोय, यांना कधीच बघितलं नाही. बोगस वाटतात."

बाबांच्या मागे रांगेत मी होते. बाबांनी ओळखपत्र काढलं, टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "तीस वर्षां इलय नाय, म्हणान बोगस? मगे जे दरवेळी येतत आणि दरवेळी फसतत, ते खरे काय?"

केंद्राध्यक्ष हसू दाबत फोटो ताडून बघत होते. ओळखपत्र बरोबर, यादीतलं नाव बरोबर. शाई लागली. बाबा बटण दाबून बाहेर आले आणि बोट डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बघत राहिले. मी त्यांच्यामागून गेले. माझं पहिलं मत.

नितेश दुपारी दोन पार्सलांच्या मध्ये आला, हेल्मेट काखोटीला मारून. "झकास वाटतं ना," म्हणाला आणि गाडी काढून गेला.

बाई सगळ्यांत शेवटी गेल्या. दिवसभर माणसं आणून पोचवत होत्या. पाचला पदर नीट केला आणि आत गेल्या. बाहेर आल्यावर त्यांनी बोट कुणाला दाखवलं नाही. कुंडलिककाका फाटकाशी उभे होते, त्यांच्याजवळ जाऊन फक्त म्हणाल्या, "चला." आणि दोघे पायऱ्या चढायला लागले.

दुसऱ्या दिवशी निकाल लागला. अनुपमा हरली. तिसरी आली. सबंध प्रभागात तेवीसशे मतं. जिंकल्या त्या जुन्याच पक्षाच्या एक बाई, अवघ्या चौऱ्याहत्तर मतांनी.

संध्याकाळी बाईंच्या घरी चंद्रप्रकाशजी कागद घेऊन बसले होते. आमच्या केंद्राचे आकडे त्यांनी मोजणीच्या ठिकाणाहून लिहून आणले होते. मतदान सहाशे एकाहत्तर. मागच्यापेक्षा दोनशे पस्तीस जास्त. किटलीला एकशे अठ्ठेचाळीस.

"तीन आठवडे आपण चढलो," ते म्हणाले. "दोनशे पस्तीस माणसं नवीन आली. किटलीची सगळी मतं त्यांचीच धरली तरी सत्त्याऐंशी दुसरीकडे गेली. आणि बाई, या प्रभागात फरक किती? चौऱ्याहत्तर. म्हणजे आम्ही उठवलेल्या माणसांनी कदाचित त्यांची नगरसेविका निवडून दिली!"

बाईंना हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "अहो, झोपलेल्याला उठवलं म्हणून तो तुमच्याच घरी जेवायला येईल होय?"

अनुपमाचा चेहरा उतरला होता. ती म्हणाली, "पण मला वाईट वाटतंय, बाई. खूप."

"वाटू दे," बाई तिच्याजवळ बसल्या. "एकशे अठ्ठेचाळीस माणसांनी महिन्यापूर्वी तुझं नावही ऐकलं नव्हतं. ते थोडं नाही. आणि बाकीच्यांनी तुझं ऐकलं, पण मत स्वतःचं दिलं. तेही मला आवडलं, खरं सांगू का." मग आत बघून सुनेला ओरडून म्हणाल्या, "चेतना, भाकऱ्या टाक गं चार जास्तीच्या. हरलेल्या माणसांना भूक जास्त लागते."

खरंच लागली. चंद्रप्रकाशजींनी ठेच्याबरोबर तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि जाताना विचारलं, हा ठेचा मुलुंडला कुठे मिळेल.

आठव्या दिवशी नव्या नगरसेविका टेकडीवर आल्या, पायी, शेवटच्या घरापर्यंत. मागचे नगरसेवक टाकीच्या वर कधी आल्याचं कोणाला आठवत नाही. आभार मानायला आलेय म्हणाल्या, पण त्यांच्याबरोबरच्या माणसाच्या हातात आमच्या केंद्राचे आकडे होते. जिथे चारशे मतं पडायची तिथे पावणेसातशे पडली, त्यातली दीडशे कुणी नवखी घेऊन गेली. पुढच्या वेळचं काय, हे त्यांना कळत होतं. लोकांनी कठड्याचं विचारलं. त्यांनी वचन दिलं नाही, मोजमाप करायला माणूस पाठवला. एप्रिलपर्यंत खालच्या साठ पायऱ्यांना पाइप लागला. वरच्यांसाठी पाठपुरावा चालू आहे. तो मी करते. वही माझ्याकडेच आहे.

अनुपमा फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी आली. नऊ जण आले होते. मार्चमध्ये तीस. सोनूबाई रांग लावतात आणि कंबर दाखवायला आलेल्याला आधी दोन प्रश्न विचारतात, यादीत नाव आहे का आणि जिवंत म्हणून आहे का.

मे महिन्यात पक्षाने बाईंना उपनगर जिल्ह्याचं चिटणीसपद देऊ केलं. चंद्रप्रकाशजी स्वतः पत्र घेऊन आले. बाईंनी ते वाचलं, घडी घालून परत दिलं.

"नको. पुढच्या वेळी तुम्हालाच मत देईन असं माझं अजून ठरलेलं नाही. पद घेतलं तर विचार करायची सोय राहणार नाही."

"मग निदान एक काम करा. चारकोपला आमची माणसं आहेत, तिथे सेक्टरमध्ये इमारती आहेत, सुशिक्षित लोक. कोणी मतदानाला उतरत नाही. लिफ्ट असून उतरत नाही! तुम्ही एकदा याल का?"

ते काम बाईंना आवडलं. पुढच्याच रविवारी आम्ही दोघी बसने चारकोपला गेलो. सात मजल्यांची इमारत. पहिल्या मजल्यावर कोणी दार उघडलं नाही. दुसऱ्यावर एका गृहस्थांनी जाळीतूनच हात जोडले. तिसऱ्यावर चष्मा लावलेल्या एका बाईंनी दार अर्धं उघडलं, आमच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "निवडणुकीचं असेल तर सॉरी हं. आमच्या घरात कोणी मत देत नाही."

इंगोलेबाईंनी चपला काढायला सुरुवात केली.

"मग बरोबर घरी आलो, मानसी," त्या म्हणाल्या. "ताई, पाणी मिळेल का? आम्ही तुमच्याशीच बोलायला आलोय."